स्वतःच्या हातचे

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरात दोन भट्ट्या पेटतात. एक स्वयंपाकघरात, हिच्या फराळाची. दुसरी माझ्या टेबलावर, दिवाळी अंकाच्या लेखाची. पहिलीतून खमंग वास येतो, दुसरीतून नुसता धूर. यंदा तिसरीही पेटली. आमचे नातू चिरंजीव बंड्या यांनी आपला रॉक बँड तालमीसाठी आमच्या बैठकीच्या खोलीत आणून बसवला.

चार पोरे, दोन गिटारी, एक ढोलताशांचा संसार आणि भिंतीपलीकडे कान धरून बसलेले शेजारी, एवढे मिळून रॉक बँड होतो. पोरे गुणी आहेत. दुसऱ्याची गाणी वाजवीत नाहीत. शब्द आपले, चालही आपली. यंदा त्यांना कुठल्याशा कॉलेजच्या महोत्सवात बोलावणे आले, पण अट अशी की गाणे एकच म्हणायचे आणि तेही स्वतःचे. झाले! प्रत्येकाचे एकेक गाणे, आणि जागा एक. पहिला अर्धा तास "तूच सांग रे" असा शिष्टाचार चालला. दुसऱ्या अर्ध्या तासात आवाज वाढले. तिसऱ्यात बंड्याचा जिवलग मित्र नंदू गिटार पिशवीत घालून "तुझं तूच म्हण!" असे म्हणत जिना उतरून गेला. जाताना त्याने हिच्या हातचा चिवडाही घेतला नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे घरात सर्वांना कळले.

बंड्या बराच वेळ गप्प होता. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "आजोबा, तुम्ही त्या बीटल्सबद्दल नेहमी सांगता ना? त्यांना स्वतःला त्यांचं कुठलं गाणं सगळ्यांत जास्त आवडायचं?"

चूक माझीच. १९६८ साली मी अठरा वर्षांचा होतो, एवढ्या भांडवलावर मी घरात बीटल्सचा जाणकार म्हणून मिरवतो. खरे सांगायचे तर त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन आपल्या मुंबईत, फोर्टातल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत येऊन ध्वनिमुद्रण करून गेला. ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वादन इथे झाले. बासरीला हरिप्रसाद चौरसिया होते. मी त्याच दिवसांत रोज चर्चगेटला उतरून कॉलेजात जात होतो. दहा मिनिटांच्या वाटेवर इतिहास घडत होता आणि मी बटाटेवडा खात होतो. पण नातवाने विचारले म्हणजे उत्तर दिलेच पाहिजे.

बीटल्स म्हणजे लिव्हरपूलचे चौघे: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रम वाजवणारा रिंगो स्टार. जॉन आणि पॉल यांनी पोरवयातच ठरवून टाकले होते की गाणे कोणीही केले तरी खाली नाव दोघांचे घालायचे. एकत्र कुटुंबाच्या दुकानाची पाटी असावी तसे. त्यामुळे बाहेरच्या माणसाला कोणते कोणाचे ते कळत नसे. घरातल्यांना मात्र नेमके ठाऊक असे. आपल्याकडेही चुलत्यांच्या सामाईक घरात कुठला पाट कोणाच्या आईने आणलेला हे सर्वांना ठाऊक असतेच ना!

त्यांचे जगात सर्वांत गाजलेले गाणे ‘येस्टरडे’. पॉलला त्याची चाल झोपेत सुचली. सकाळी उठून त्याने ती पियानोवर बसवली, पण चाल इतकी सहज आली की ही आपली नव्हेच, कुणाची तरी ऐकलेली असणार, अशी शंका त्याला आली. कित्येक दिवस तो ओळखीच्यांना गाऊन दाखवून "ही तुम्ही पूर्वी ऐकली आहे का?" असे विचारीत होता. सापडलेले पाकीट पोलिसात जमा करावे आणि कोणी मागायला आले नाही म्हणजे आपले म्हणावे, तसाच प्रकार. तोवर शब्द नव्हते, म्हणून चालीवर अंड्याच्या भुर्जीबद्दलचे काहीतरी बसवून ठेवले होते. १९६५ साली ते ध्वनिमुद्रित झाले तेव्हा पॉल, त्याची गिटार आणि व्हायोलिनच्या घराण्यातले चार वादक एवढेच होते. बाकीच्या तिघांनी त्यात एक टिपराही वाजवला नाही. पुढे शेकडो गायकांनी ते म्हटले.

आता गंमत पहा. जॉन पुढे तक्रारीने सांगे की कुठल्याही हॉटेलात गेलो की वादक मंडळी मला पाहून ‘येस्टरडे’ सुरू करतात. स्पेनमध्ये एका व्हायोलिनवाल्याने ते वाजवले आणि व्हायोलिन पुढे करून जॉनची सही मागितली. हे गाणे माझे नव्हे, हे त्या भल्या माणसाला काही केल्या पटेना. शेवटी सही देऊन टाकली! सामाईक पाटीचा हा एक तोटा.

मग जॉनला स्वतःचे कोणते आवडे? ‘इन माय लाइफ’ हे १९६५ चे गाणे त्याला आपले पहिले खरे मोठे काम वाटे. लहानपणीच्या जागा आणि माणसे आठवून केलेले. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ त्याला आवडे. त्याच्या मावशीच्या घराजवळ अनाथ मुलांचे एक गृह होते, त्याच्या आवारात तो लहानपणी खेळायचा. गाण्याला नाव त्या जागेचे. आणि ‘हेल्प!’ आवडे, कारण त्यात आपण खरे बोललो असे तो म्हणे. वरून उड्या मारणारे गाणे, आत माणूस खरोखरीच मदत मागत होता. लोकांना आवडावे म्हणून ते फार घाईच्या लयीत वाजवले गेले, ही रुखरुख मात्र त्याला राहिली. आणि स्वतःच्याच ‘रन फॉर युवर लाइफ’चे नाव काढले की तो तोंड वाकडे करी. वाचकहो, ज्या लेखाची तुम्ही पत्रे पाठवून तारीफ करता, तो मी बहुधा प्रेसचा माणूस दारात उभा असताना खरडलेला असतो. तेव्हा जॉनचे दुःख मला कळते.

रिंगोचे उत्तर सरळ. १९६६ चे ‘रेन’. तबकडीच्या मागच्या बाजूला बसलेले हे गाणे. पुढच्या बाजूला ‘पेपरबॅक रायटर’. रिंगोला मात्र त्यात आपला हात सर्वांत चांगला चालला असे वाटते. त्या दिवशी अंगात दुसरेच कोणी संचारले होते म्हणतो. जगाने पुढची बाजू ऐकली, वाजवणाऱ्याला मागची आठवते.

पॉलची गंमत याहून मोठी. एवढ्या लोकप्रिय चाली बांधणारा हा गृहस्थ. पण एकदा त्याने बीटल्सच्या गाण्यांतले बहुधा आपले सर्वांत आवडते म्हणून कशाचे नाव घ्यावे? ‘यू नो माय नेम’! हे गाणे म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. टेलिफोनच्या डिरेक्टरीवर असावे तसे एकच वाक्य, तेच वेगवेगळ्या सोंगांनी, चित्रविचित्र आवाजांत म्हटले आहे. १९६७ साली सुरू केले, दोन वर्षे तसेच पडले होते, १९६९ साली पुरे केले. रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स त्यात सॅक्सोफोन वाजवून गेला. १९७० साली ते ‘लेट इट बी’च्या मागच्या बाजूला निघाले, तेव्हा चौघांचा संसार मोडायला आला होता. मग आवडण्यासारखे त्यात होते काय? ते करताना हसून हसून पुरेवाट झाली होती, एवढेच. लोकांना गाणे ऐकू येते. करणाऱ्याला तो दिवस ऐकू येतो.

पण पॉलला गंभीरपणे विचारले की तो दुसरे नाव घेतो: ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’, १९६६ चे. गोड चाल आहे यात शंका नाही. पण त्याने एक आठवण पंचाहत्तरी उलटल्यावर एका मुलाखतीत सांगितली. जॉन कधी कोणाची स्तुती करीत नसे. सगळ्या वर्षांत एकदाच, हे गाणे ऐकून झाल्यावर, चांगले झाले आहे रे, मला आवडले, असे म्हणाला. एकदाच! जगभरच्या मैदानांतून लाखो लोकांनी टाळ्या दिल्या, राणीच्या राजवाड्यातून मानपत्रे आली. आणि हा म्हातारा मित्राचे अर्ध्या ओळीचे शब्द पन्नास वर्षे खिशात घालून हिंडतो आहे.

जॉनने १९८० साली एका मुलाखतीत त्याच गाण्याला बीटल्सच्या आपल्या आवडत्या गाण्यांत घातले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला न्यूयॉर्कात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

आणि जॉर्ज? तो घरातला धाकटा. दोन मोठ्यांच्या गाण्यांतून उरलेल्या जागेत त्याची एक-दोन बसवायची, असा बहुधा रिवाज. त्याने १९६९ साली ‘समथिंग’ केले. जॉनने ते त्या तबकडीतले सर्वांत चांगले ठरवले, पॉलनेही वाखाणले. अमेरिकेचा मोठा गायक फ्रँक सिनात्रा याने त्याला पन्नास वर्षांतले सर्वश्रेष्ठ प्रेमगीत म्हटले, पण मैफलीत सांगताना नाव घेतले लेनन-मॅकार्टनीचे! धाकट्यांच्या नशिबी हे असायचेच. २९ नोव्हेंबर २००१ ला जॉर्ज गेला. बरोबर वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी मैफल केली, तेव्हा पॉल युकुलेले घेऊन पुढे आला. युकुलेले म्हणजे गिटारीचे शेंडेफळ. जॉर्जला त्याचे भारी वेड. त्यावर पॉलने ‘समथिंग’ सुरू केले. थोरल्याने धाकट्याचे गाणे म्हटले. धाकटा ऐकायला नव्हता.

हे सारे मी बंड्याला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे उत्तर काय? एक गाणं नाहीच?"

उत्तर मलाही सापडेना. म्हणून घरातल्या जाणत्या कलावंताकडे गेलो. ही सोऱ्या बाजूला ठेवून झारा घेऊन बसली होती.

"अगं, तुझ्या हातचं तुला स्वतःला काय आवडतं?"

"आज काय हे नवीन?"

"लेखासाठी हवं आहे."

"मग लिहा चकली. सगळ्यांना चकलीच आवडते."

"सगळ्यांचं नको. तुझं सांग."

"माझ्या हातचं मला काही लागत नाही. दिवसभर तळणीपुढं बसलं की वासानंच पोट भरतं. मला समोरच्या वहिनींचे अनारसे आवडतात. आणि त्यांना माझी चकली." मग तिने दोन चकल्या उलटल्या आणि जराशाने म्हणाली, "करंजी."

"करंजी?"

"लग्नानंतरची दुसरी दिवाळी. सासूबाईंनी एक करंजी मोडून पाहिली आणि म्हणाल्या, 'खुसखुशीत झाली आहे हो.'"

"एवढंच?"

"एवढंच. पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. पण ती करंजी मी विसरले नाही." झारा कढईच्या काठावर आपटून ती पुढे म्हणाली, "तुम्ही होतात की तिथं. चार करंज्या खाल्ल्यात आणि पेपर वाचत बसलात."

आईला जाऊन सत्तावीस वर्षे झाली. मला ती दिवाळी आठवेना. पेपरात काय होते तेही आठवेना.

मागे वळून पाहतो तो बंड्या दारात उभा. काही न बोलता तो टेलिफोन घेऊन गॅलरीत गेला. दुसऱ्याचे बोलणे ऐकू नये हे मला कळते, पण आमची गॅलरी लहान आहे. "नंद्या, तुझ्या गाण्यात ती मधली जागा आहे ना, तू एकट्यानं वाजवतोस ती... मला लई आवडते. म्हटलो नाही कधी." पलीकडे बराच वेळ शांतता असावी. मग बंड्या हसला.

दुसऱ्या दिवशी चौघेही हजर. भांडण मिटले असे मात्र समजू नका. ते नुसते उलटे झाले. आता बंड्या म्हणतो नंदूचे गाऊ, नंदू म्हणतो बंड्याचे, आणि ड्रमवाला म्हणतो कोणाचेही गा पण ठरवा. आवाज तितकाच. चिवड्याचा डबा मात्र रिकामा झाला.

राहता राहिलो मी. काल संध्याकाळी चहाबरोबर ताटलीत करंजी आली. पेपर बाजूला ठेवला. करंजी मोडली, खाल्ली, आणि पन्नास वर्षांची थकबाकी एकदम भागवावी अशा बेताने म्हणालो, "खुसखुशीत झाली आहे हो!"

ही म्हणाली, "ती समोरच्या वहिनींकडची. आपल्या परवा करायच्यात."

परवा. वाक्य पाठ आहे. पेपर त्या दिवशी बंद ठेवायला सांगितला आहे.