पुढचा डाव कोणाचा?



'अंदाज' हा शब्द तुम्हाला नवा नाही. उर्दूत अंदाज म्हणजे ढंग किंवा शैली. अटकळीला तुम्ही 'अंदाजा' म्हणता. मराठीने मात्र अटकळीसाठीच अंदाज हा शब्द घेतला. यंदा पाऊस किती पडेल, तुरीला भाव काय मिळेल, निवडणुकीत कोण येईल, असे अंदाज आपल्या परंड्यात चहाच्या टपरीवर रोज बांधले जातात. तुमचे मधल्या सुट्टीतले अंदाज वेगळे असतात. व्हिडिओ गेमच्या यंत्रांची पुढची पिढी येईल तेव्हा कोण जिंकेल? सोनी, मायक्रोसॉफ्ट की निन्टेंडो? ज्यांच्या घरी असे यंत्र कधी आलेच नाही, तीच मुले हिरिरीने वाद घालतात. मोबाइलवर पाहिलेले आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात.

मला या वादाचे वाईट वाटत नाही. वाद जरूर घालावा. मात्र पुरावा हाती धरून घालावा. आज मी माझा अंदाज तुमच्यापुढे मांडणार आहे. तो कसा बांधला, हेही सांगणार आहे. पटला तर घ्या, न पटला तर खोडून काढा.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. व्हिडिओ गेम खेळण्यासाठी खास बनवलेल्या यंत्राला 'गेम कन्सोल' म्हणतात. काही कन्सोल टीव्हीला जोडतात, काही हातात धरून खेळतात. साधारण सहा-सात वर्षांनी कंपन्या नवे यंत्र आणतात. त्यालाच नवी पिढी म्हणतात. सोनीचे प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स ही यंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली. निन्टेंडोचे स्विच २ हे यंत्र ५ जून २०२५ रोजी आले. आता सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पुढच्या यंत्रांची तयारी चालू आहे, म्हणून वादालाही जोर चढला आहे.

या वादात बहुतेक मुले एकच प्रश्न विचारतात : कोणाचे यंत्र जास्त ताकदवान? ज्याची ताकद मोठी तो जिंकणार, असे ती धरूनच चालतात. माझा पहिला आक्षेप इथेच आहे.

तुम्ही आपला किल्ला पाहिला आहे. या किल्ल्यात एके काळी 'मुलूखमैदान' नावाची प्रचंड तोफ होती. ती १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीत ओतली गेली. तिचे वजन सुमारे पंचावन्न टन आहे. एवढी मोठी तोफ ज्याच्या पदरी, त्याला कोण हरवणार, असे तेव्हाही लोकांना वाटले असेल. पण झाले काय? १६३२ साली ती तोफ आदिलशाहीच्या ताब्यात जाऊन विजापूरला पोहोचली आणि १६३६ साली निजामशाही संपली. तोफ आजही विजापूरच्या बुरुजावर आहे; तिला ओतणारे राज्य मात्र उरले नाही. याच निजामशाहीला १६०० नंतर मलिक अंबरने पुन्हा उभे केले, तेव्हा काही काळ राजधानी आपले परंडा हीच होती. मलिक अंबरने बलाढ्य मोगल फौजेला अनेक वर्षे रोखून धरले. ते अवजड तोफांच्या बळावर नव्हे, तर चपळ घोडदळ आणि मुलखाची नेमकी जाण यांच्या बळावर.

गेमच्या बाजारातही असेच घडत आले आहे. तीन उदाहरणे पाहा.

१९८९ साली निन्टेंडोने 'गेम बॉय' हे हातात धरायचे यंत्र आणले. त्याचा पडदा रंगीत नव्हता. दुसऱ्याच वर्षी सेगा कंपनीने 'गेम गिअर' आणले. त्याचा पडदा रंगीत आणि उजळ होता. पाहणाऱ्याला सेगाचेच यंत्र आवडावे असे होते. पण त्याला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चालत असे आणि किमतीनेही कमी होता. गेम बॉय आणि पुढचा रंगीत गेम बॉय मिळून जवळजवळ बारा कोटी विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या थोडेच पुढे गेले. सेल कोणाच्या खिशातून विकत आणायचे, हा विचार एका कंपनीने केला, दुसरीने केला नाही.

दुसरे उदाहरण सोनीचे. १९९४ साली सोनीने पहिले प्लेस्टेशन आणले. १९९६ मध्ये निन्टेंडोने त्याहून ताकदवान 'निन्टेंडो ६४' आणले. पण निन्टेंडोचे खेळ कॅसेटवर येत. कॅसेट बनवायला महाग आणि तिच्यात जागाही कमी. सोनीने सीडी वापरली. ती स्वस्त होती आणि तिच्यात कितीतरी अधिक मजकूर मावत होता. खेळ बनवणाऱ्या कंपन्या सोनीकडे वळल्या आणि त्यांच्यामागून खेळणारेही वळले. प्लेस्टेशन दहा कोटींहून अधिक विकले गेले, निन्टेंडो ६४ सुमारे तीन कोटी तीस लाखांवर थांबले.

तिसरे उदाहरण २००६ सालचे. सोनीचे प्लेस्टेशन ३ अतिशय बलवान आणि अतिशय महाग होते. निन्टेंडोचे 'वी' त्याच्यापुढे दुबळे होते. पण वीचा रिमोट हातात धरून नुसता हात फिरवला की पडद्यावर टेनिस खेळता येई. ज्या आजी-आजोबांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, तेही खेळू लागले. वी दहा कोटींहून अधिक खपले. प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास राहिले.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "मग मागच्या वेळी जो जिंकला तोच पुढे जिंकेल, असे म्हणावे का?" तेही खरे नाही. आपल्याकडचा शेतकरी सोयाबीनचे बियाणे घेताना गेल्या वर्षीचे पीक आठवतो, पण तेवढ्यावर भागवत नाही. यंदाची पिशवीही तपासतो. वीच्या एवढ्या मोठ्या यशानंतर निन्टेंडोने २०१२ मध्ये 'वी यू' आणले आणि ते दीड कोटीसुद्धा विकले गेले नाही. हे नवे यंत्र आहे की जुन्याच यंत्राला जोडायचा भाग, हेच पुष्कळ लोकांना नावावरून कळले नाही. सेगाची गोष्ट तर याहून दुःखाची. एके काळची ही मातब्बर कंपनी २००१ साली यंत्रे बनवण्याच्या धंद्यातून बाहेर पडली.

म्हणून अंदाज बांधताना मी तीन प्रश्न विचारतो. या यंत्रावर असे कोणते खेळ आहेत जे दुसरीकडे मिळत नाहीत? त्याची किंमत किती घरांना झेपेल? आणि हे यंत्र कोणासाठी आहे, हे घेणाऱ्याला चटकन कळते का? ताकदीचा प्रश्न मी चौथ्या क्रमांकावर ठेवतो. यंत्र कोणी यंत्रासाठी घेत नाही, खेळासाठी घेतो. कंपन्यांनाही हे ठाऊक असते. झेरॉक्सच्या दुकानात विचारून पाहा : प्रिंटर स्वस्तात मिळतो, कमाई होते ती शाईवर. कन्सोलचेही पुष्कळसे तसेच आहे. यंत्रावर नफा थोडा, कधी तर तोटाच. खरी मिळकत खेळांच्या विक्रीतून.

आता या प्रश्नांवर आजच्या तीन कंपन्या घासून पाहू.

मायक्रोसॉफ्टचे सिरीज एक्स कागदावर प्लेस्टेशन ५ पेक्षा वरचढ होते. तरीही विक्रीत प्लेस्टेशनच पुढे राहिले. सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत सोनीने आठ कोटी चाळीस लाखांहून अधिक प्लेस्टेशन ५ दुकानांकडे पाठवले. मायक्रोसॉफ्टने तर आपल्या यंत्रांच्या विक्रीचे आकडे देणे २०१५ मध्येच बंद केले. जो विद्यार्थी गुणपत्रिका घरी दाखवत नाही, त्याचे गुण काय असतील हे आईला न सांगताही कळते! पुढच्या पिढीत ताकदीचा फरक आणखी कमी होईल असे मला वाटते, कारण दोन्ही कंपन्या आपल्या यंत्रांचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, एएमडी या एकाच कंपनीकडून घेत आल्या आहेत आणि पुढच्या यंत्रांसाठीही दोघींनी तिच्याशीच हातमिळवणी केली आहे. एकाच गिरणीतून दळून आणलेले पीठ! भाकरीची चव मग करणाऱ्याच्या हातावर ठरते. शिवाय मायक्रोसॉफ्टने २०२४ पासून आपले काही खेळ सोनीच्या यंत्रावरही देणे सुरू केले. 'फोर्झा होरायझन ५' हा मोटारींचा गाजलेला खेळ २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर आला. खेळ दुसरीकडे मिळू लागला, तर मुद्दाम एक्सबॉक्स कशासाठी घ्यायचे?

निन्टेंडोचे तसे नाही. मारिओ, पोकेमॉन, झेल्डा हे तिचे मोठे खेळ तिच्याच यंत्रावर खेळावे लागतात. तिचे पहिले स्विच पंधरा कोटींहून अधिक विकले गेले आणि त्याचे बहुतेक खेळ स्विच २ वर चालतात. घरात टीव्हीला जोडा, प्रवासात हातात धरा, हा उपयोग लहान मुलालाही समजतो. स्विच २ पहिल्या चार महिन्यांतच एक कोटीच्या पुढे गेले.

तेव्हा माझा अंदाज असा आहे : एकूण विक्रीत निन्टेंडो पुढे राहील. टीव्हीला जोडायच्या मोठ्या यंत्रांत सोनी मायक्रोसॉफ्टला मागे टाकील. आणि मायक्रोसॉफ्ट हळूहळू यंत्रे विकण्यापेक्षा सगळ्यांच्या यंत्रांवर खेळ विकण्यात आपले हित पाहील.

हा अंदाज चुकवू शकेल अशी एक गोष्ट मला दिसते. ती म्हणजे किंमत. पूर्वी कन्सोल जुना होत गेला की स्वस्त होत असे. आता उलटे झाले आहे. सिरीज एक्स अमेरिकेत २०२० मध्ये पाचशे डॉलरला मिळत होते; ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची किंमत साडेसहाशे डॉलर झाली. सोनीनेही तिथे २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ महाग केले. पुढची यंत्रे याहून महाग निघाली, तर लोक नवे यंत्र घेणार नाहीत, जुन्यावरच भागवतील. मग तिघांपैकी कोणीच जिंकला नाही असेही होईल.

आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी कठीण आहे. १९९० नंतर तुमच्या आईवडिलांच्या पिढीने टीव्हीवर जो मारिओ खेळला, तो बहुधा निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकलेवर खेळला. अस्सल यंत्र परवडणारे नव्हते. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम म्हणजे बियाणे, खत आणि बहिणीच्या कॉलेजची फी. म्हणून आपल्याकडे कन्सोलच्या लढाईचा निकाल कधीच लागला आहे. इथे मोबाइल जिंकला, कारण तो आधीच घरात होता.

मुलांनो, एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोणती कंपनी जिंकली याने तुमची इज्जत वाढत नाही आणि कोणती हरली याने कमी होत नाही. एखाद्या मित्राकडे महागडे यंत्र आहे म्हणून घरी हट्ट धरू नका आणि ज्याच्याकडे नाही त्याला हिणवूही नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण जुनी असली, तरी किमतीची चिठ्ठी वाचताना फार उपयोगी पडते.

त्यापेक्षा माझे तीन प्रश्न पुन्हा वाचा. पहिला प्रश्न खेळांचा आहे. खेळ कोणीतरी बनवावा लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघते. हा खेळ आधी निन्टेंडोच्या स्विचवर आला आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवरही आला. तिघांपैकी कोणीही जिंको, पुण्याची राजी तिन्हीकडे पोहोचली. पुणे इथून एसटीने एका दिवसात गाठता येते. चित्रे काढणारी, गोष्ट रचणारी, गणितात रमणारी मुले आपल्या वर्गातही आहेत. त्यांना हा रस्ता ठाऊक असावा.

आता तुमची पाळी. वहीच्या शेवटच्या पानावर तुमचा अंदाज लिहा. नुसते कंपनीचे नाव लिहू नका. तीन कारणे लिहा आणि खाली तारीख घाला. माझ्याशी सहमत व्हायची सक्ती नाही. नवी यंत्रे येऊन वर्ष-दोन वर्षे झाली की वही उघडा. अंदाज बरोबर निघाला तर कोणत्या कारणामुळे, आणि चुकला तर कोणते कारण कच्चे होते, ते स्वतःशीच तपासा. तोपर्यंत मधल्या सुट्टीतला वाद चालू ठेवा. फक्त "ज्याची तोफ मोठी तो जिंकणार" असे कोणी म्हणाला, तर त्याला आपल्या किल्ल्यात घेऊन जा आणि विचारा, "मग मुलूखमैदान इथे का नाही?"