नखाएवढ्या कार्डात घरचा अल्बम



पूर्वी आपल्या घरांत फोटो असायचे ते मोजून चार-पाच. लग्नाचा एक, स्टुडिओत खुर्चीवर बसून काढलेला आजोबांचा एक, शाळेच्या वर्गाचा एखादा. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की घरातली बाई आधी ती फ्रेम उतरवून ट्रंकेत ठेवी. आज त्याच घरातल्या एका मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, पण ते उतरवून सुरक्षित ठेवायचे असतात याची आठवण कोणाला होत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका ताईंच्या मोबाइलमधले कार्ड मध्यंतरी अचानक बंद पडले. मुलीच्या नामकरणापासून दहावीच्या निकालापर्यंतचे फोटो त्यात होते. वारलेल्या सासूबाईंचे शेवटचे फोटोही त्यातच होते. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, कार्ड करप्ट झालंय. नवीन टाकून देतो, चौसष्ट जीबीचं." ताई म्हणाल्या, "अरे बाळा, कार्ड नवीन मिळेल रे. सासूबाईंचे फोटो कुठून आणू?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर हे कार्ड म्हणजे काय, ते कुठून आले आणि त्यावर किती भरवसा ठेवावा हे आधी समजून घेतले पाहिजे.

एक टन वजनाचे कपाट

संगणकात माहिती मोजण्याचे माप म्हणजे बाइट. इंग्रजीचे एक अक्षर साठवायला साधारणपणे एक बाइट लागतो. आपल्या देवनागरीतल्या 'क'ला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि त्याला काना दिला की आणखी तीन. दहा लाख बाइट म्हणजे एक मेगाबाइट, म्हणजेच एमबी. अशा हजार एमबींचा एक गिगाबाइट, म्हणजे जीबी. आजच्या साध्या मोबाइलवर काढलेला एक फोटो साधारण तीन ते पाच एमबीचा असतो.

आता १९५६ साली जाऊ. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने त्या वर्षी रॅमॅक नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवणुकीच्या कपाटात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या गरगर फिरत. वजन एक टनाहून जास्त. आणि त्यात मावे किती? आजच्या हिशेबाने पावणेचार एमबी. तुमच्या मोबाइलवरचा चार एमबीचा एक फोटोसुद्धा त्या कपाटात मावला नसता!

पुढे १९७१ साली फ्लॉपी आली. ज्यांनी नव्वदच्या दशकात टायपिंग किंवा संगणकाचा क्लास केला, त्यांना साडेतीन इंची चौकोनी फ्लॉपी आठवत असेल. तिच्यात १.४४ एमबी मावे. त्यानंतर ७०० एमबीची सीडी आली, पाठोपाठ ४.७ जीबीची डीव्हीडी. मंगल परिणयाचे शूटिंग आपण याच डीव्हीडीत घेत होतो. आज त्या डब्या बऱ्याच घरांत आहेत, पण त्या चालवायचे यंत्र बहुतेक घरांतून गेले आहे.

फोटो कॅसेटवर

रोल नसलेला पहिला कॅमेरा १९७५ साली बनला. तो बनवला रोल विकणाऱ्या कोडॅक कंपनीतल्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने. वजन साडेतीन किलोंहून जास्त. फोटो काळा-पांढरा, शंभर ठिपके रुंद आणि शंभर ठिपके उंच. तो फोटो साठत असे गाणी ऐकायच्या असतात तसल्या कॅसेटवर, आणि एक फोटो साठायला २३ सेकंद लागत. कोडॅकने या शोधाकडे असावे तितके लक्ष दिले नाही. रोलचा धंदा जोरात होता. शेवटी २०१२ च्या जानेवारीत त्याच कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

१९८८ साली जपानच्या फुजी कंपनीने कार्डात फोटो साठवणारा कॅमेरा दाखवला. पण त्या कार्डाला आतली बॅटरी लागे. बॅटरी संपली की फोटोही गेले. विजेशिवाय आठवण टिकवणारी चकती हवी होती.

ती दिली जपानच्याच तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी. ऐंशीच्या दशकात त्यांनी 'फ्लॅश मेमरी' शोधली. आज आपल्या कार्डात, पेनड्राइव्हमध्ये आणि मोबाइलच्या पोटात आहे तिची 'नॅन्ड' ही जात त्यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. तिच्यातली माहिती एका झटक्यात गठ्ठ्याने पुसता येते. त्यावरून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडले.

इथे आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. या शोधावर कंपन्यांनी अमाप पैसा कमावला, पण शोध लावणाऱ्याला त्याचा वाटा मिळेना. मासुओका यांनी कंपनी सोडली, ते विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २००४ साली त्यांनी कंपनीवर दावा लावला. २००६ साली तडजोड होऊन त्यांना ८ कोटी ७० लाख येन मिळाले. डोके चालवणाऱ्या नोकरदारालाही आपल्या कामाचा मोबदला मागून घ्यावा लागतो, तो असा.

हंड्यांची चाळ

हे कार्ड काम कसे करते? कल्पना करा की कार्डात कोट्यवधी इवल्या हंड्या मांडल्या आहेत. हंडीत पाण्याऐवजी विजेचे कण कोंडायचे. भरलेली हंडी म्हणजे एक अंक, रिकामी हंडी म्हणजे दुसरा. भोवती वीज अडवणारी पातळ भिंत असते, म्हणून बॅटरी काढली तरी कण आतच राहतात. अशा भरलेल्या आणि रिकाम्या हंड्यांच्या ओळींतून तुमच्या बाळाचा चेहरा परत तयार होतो.

सुरुवातीला एका हंडीत एकच अंक ठेवीत. मग कंपन्यांनी पाव हंडी, अर्धी हंडी अशा पातळ्या मोजून एका हंडीत दोन, तीन, चार अंक बसवले. तीन अंकांना आठ पातळ्या लागतात, चार अंकांना सोळा. जमीन पुरेना तेव्हा चाळीवर मजले चढवावेत तसे मजले चढवले. सॅमसंगने २०१३ साली २४ मजली चकती काढली. आता दोनशेहून जास्त मजल्यांच्या चकत्या बनतात, आणि तरीही त्यांची जाडी नखाहून कमीच.

म्हणून तर कार्ड स्वस्त झाले. पण याची किंमत आपण दुसरीकडे मोजतो. दर वेळी पुसताना-लिहिताना हंडीची भिंत थोडी झिजते. एका हंडीत एकच अंक असे तेव्हा ती सुमारे एक लाख वेळा वापरता येई. तीन-चार अंक कोंबल्यावर ही संख्या हजारांवर आली. शिवाय हंडी किंचित गळत असते. सोळा पातळ्यांत थोडी गळतीसुद्धा एका अंकाचा दुसरा अंक करू शकते. कार्ड स्वतः अशा चुका दुरुस्त करीत असते, पण त्यालाही मर्यादा आहे. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले कार्ड जसेच्या तसे राहीलच, याची खात्री देता येत नाही.

कार्डांची भाऊबंदकी

१९९४ साली सॅनडिस्क कंपनीने काडेपेटीएवढे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणले. ही कंपनी १९८८ साली सुरू करणाऱ्या तिघांत कानपूरचे संजय मेहरोत्रा हे एक होते. पुढच्याच वर्षी तोशिबाचे स्मार्टमीडिया निघाले. १९९७ मध्ये मल्टिमीडिया कार्ड, १९९८ मध्ये सोनीचे मेमरी स्टिक, २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीचे एक्सडी. मध्येच १९९७ साली सोनीने चक्क फ्लॉपी घालायचा कॅमेराही विकला. एकाचे कार्ड दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात बसत नसे.

या भाऊबंदकीत टिकले ते १९९९ साली पॅनासोनिकची मूळ कंपनी, तोशिबा आणि सॅनडिस्क यांनी मिळून काढलेले एसडी कार्ड. २००५ साली त्याचेच धाकटे भावंड मायक्रोएसडी आले. लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ मिलिमीटर, जाडी एक. सुरुवातीची एसडी कार्डे काही एमबींची होती. २०१९ मध्ये मायक्रोएसडीत एक हजार जीबी मावू लागले. ६४ जीबीच्या कार्डात चार एमबीचे सुमारे १६ हजार फोटो बसतात.

बाकीची कार्डे हळूहळू मागे पडली. ज्यांचे फोटो त्यात होते आणि वेळेवर बाहेर काढले नाहीत, त्यांना आता ते वाचणारे यंत्र शोधत फिरावे लागते.

मोठमोठ्या संस्थांचीही या बाबतीत फजिती झाली आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने जमिनीची मोजदाद करून चामड्याच्या पानांवर लिहून ठेवली. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बी.बी.सी.ने दहा लाखांहून जास्त लोकांच्या मदतीने देशाची नवी नोंद केली आणि ती लेसरच्या मोठ्या तबकड्यांवर साठवली. पंधराच वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि तज्ज्ञांना खास खटपट करून ती माहिती सोडवून घ्यावी लागली. ९०० वर्षांपूर्वीची चामड्याची पाने मात्र अजून वाचता येतात.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट. एकाच ठिकाणी असलेला फोटो सुरक्षित नाही असेच समजावे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने एक सोपा नियम रूढ केला आहे: प्रती तीन, साठवणुकीचे प्रकार दोन, आणि एक प्रत घराबाहेर. मोबाइलमध्ये एक, पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर दुसरी, आणि तिसरी बहिणीच्या वा भावाच्या घरी. आग, पूर, चोरी एकदम दोन्ही घरांवर सहसा येत नाही. वर्षातून एकदा त्या प्रती उघडून पाहाव्यात आणि पाच-सात वर्षांनी नव्या साधनावर उतरवाव्यात.

दुसरी. फोटो चुकून पुसले गेले, तर त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नका. 'फॉरमॅट करा' अशी सूचना आली तरी बटण दाबू नका. कार्डावरून फोटो पुसतो तेव्हा बहुधा फक्त यादीतले नाव जाते, मजकूर जागेवरच असतो, आणि त्यावर नवे लिहिले की मगच तो खरोखर जातो. कार्ड लगेच बाहेर काढून जाणकाराकडे द्यावे. बंद पडलेले कार्डही फेकू नये. काही वेळा त्यातून फोटो काढता येतात.

तिसरी. फार स्वस्तात फार मोठे कार्ड मिळत असेल तर सावध राहा. वर ५१२ जीबी छापलेले आणि आत त्याचा लहानसा भाग असलेले नकली कार्ड बाजारात असते. ते भरेपर्यंत काही कळत नाही. नंतर नवे फोटो जुन्यांवर बसतात. पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावे आणि घेतल्यावर एकदा पूर्ण भरून, फाइली उघडून पाहावे.

चौथी. अँड्रॉइड मोबाइलमध्ये कार्ड 'अंतर्गत साठवण' म्हणून जोडले असेल, तर ते कुलूपबंद होते आणि दुसऱ्या मोबाइलमध्ये वाचता येत नाही. मोबाइल बिघडला तर कार्ड चांगले असूनही फोटो अडकतात. म्हणून फोटोंसाठी कार्ड साध्या पद्धतीनेच वापरावे.

पाचवी. गुगल फोटोजवर प्रत ठेवणे सोयीचे आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. २०१५ साली तिथे हवी तेवढी जागा फुकट होती. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. आता ईमेलसह सगळे मिळून १५ जीबी फुकट आहेत. दोन वर्षे खाते वापरलेच नाही तर ते काढून टाकले जाऊ शकते. पासवर्ड घरातल्या निदान दोघांना माहीत असावा. एरवी माणूस गेला की त्याचे फोटोही कुलपात जातात. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो बारीक होतो, म्हणून ठेवायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

सहावी, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची. रोज येणारी शुभसकाळची फुले पुसून टाका आणि वर्षाकाठी वीस फोटो निवडून कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा. कागदाचा फोटो बघायला ना बॅटरी लागते ना पासवर्ड. आणि एकावेळी सोळा हजार फोटो कोणीच पाहत नाही, वीस मात्र नातवंडेही पाहतील.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांचा एकही फोटो उरलेला नाही. कॅमेरा परवडत नव्हता, स्टुडिओ दूर होता. गिरणीत, गोदीत, शेतात राबलेली ती माणसे कशी दिसत होती हे त्यांच्या पतवंडांना कधीच कळणार नाही. आता साधन आपल्या हातात आले आहे. मुलांच्या पदवीचा फोटो, आईचा कामावरून परततानाचा फोटो, घरातले दाखले आणि कागदपत्रे हे सारे जपणे आता आपल्यालाच करायचे आहे. येत्या रविवारी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तासभर बसवा. फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून जुन्या फोटोतल्या माणसांची नावे विचारून घ्या. नावे सांगणारे कोणी आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.