शिशाचे शिक्के आणि इंजिनिअरची घाई

आमच्या इंजिनिअर जमातीला एक खोड आहे. दुसऱ्याचं काम दिसलं की "हे काय, आठवड्यात ऑटोमेट करून देतो!" मीही दिलं होतं. इतिहासात पीएचडी करणाऱ्या एका मैत्रिणीला बायझंटाईन साम्राज्यातले शिशाचे शिक्के वाचायचे होते. (आपल्याकडे शिक्का शाई लावून कागदावर उमटवत. तिथे पत्राची दोरी शिशाच्या चकतीतून ओवायची, चकती लोखंडी पकडीत धरायची आणि वर हातोडा.) मी फोटोवरून शतक सांगणारा प्रोग्राम लिहिला. उत्तरं कॅटलॉगशी मस्त जुळली. लगेच पार्टी मागितली.

ती म्हणाली, "कॅटलॉगमध्ये शतक कशावरून लिहिलंय, विचारलंस का कधी?"

बऱ्याचदा अक्षरांच्या वळणावरून! म्हणजे मी काळ मोजलाच नव्हता. जाणकारांचा अंदाज मशीनकडून पाठ करून घेतला होता.

मुळात हे वाचणंच कठीण. शब्दांत जागा सोडलेली नाही, स्पेलिंग उच्चाराप्रमाणे, हातोडा तिरका बसला की कडेची अक्षरं गायब. "प्रभो, तुझ्या सेवकाला साहाय्य कर" हे ठरलेलं वाक्य कळतं, पण सेवकाचं नावच नेमकं झिजलेलं असतं. मग त्याच पकडीतून निघालेला दुसरा शिक्का शोधायचा आणि दोन अर्धवट मिळून एक पूर्ण करायचा. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्समध्ये सुमारे १७,००० शिक्के आहेत, त्यांचा उपयोग इथे होतो.

पक्की तारीख मिळते ती सम्राटाच्या नावावरून, इतर ग्रंथांत सापडणाऱ्या माणसावरून, किंवा इंडिक्शन नावाच्या १५ वर्षांच्या चक्रातल्या आकड्यावरून. तोही फसवा. तिसरा लिओ आणि त्याचा मुलगा कॉन्स्टंटाईन यांची जोडी ७२० ते ७४१ गादीवर होती. त्यांच्या शिक्क्यावर इंडिक्शन ८ असेल तर ते ७२४-२५ की ७३९-४०? फोटो कितीही झूम करा, सांगणार नाही. निकोलस इकोनोमिडिस यांनी १९८६ साली तारीख ठरवता येते अशाच शिक्क्यांचं पुस्तक काढलं. कसोटी लावायची तर अशा शिक्क्यांवर लावा ना!

"अकराव्या शतकाचा उत्तरार्ध" असं जाणकार लिहितो तेव्हा तो अडाणी नसतो, तो एरर बार देत असतो. आपण तिथे "१०६३" छापतो आणि त्याला प्रगती म्हणतो. प्रयोगशाळेत कुणी असं केलं तर आपणच त्याला फाडून खाऊ. आणि हा नुसता तात्त्विक वाद नाही. पत्रं जवळजवळ सगळी नष्ट झाली, शिक्के उरले. कित्येक अधिकाऱ्यांचा तेवढाच पुरावा आहे. तारीख चुकली तर एखादा सुभेदार त्याचा प्रांत अस्तित्वात येण्याआधीच तिथे बसतो!

"एआयने वर्ष शोधलं" अशी स्लाईड दिसली की मी एकच विचारतो, लेबलं कुठून आणलीत? हल्ली अशा भाषणांना मला फारसं कुणी बोलवत नाही. असो.