नाव दिले, आता नमुना जपा

मुंबईलगतच्या समुद्रतळाखाली अलिबाग आहे, रत्नागिरी आहे, बांद्रा, माहीम, चिंचणीही आहेत. किनाऱ्यावरची ही नावे भूवैज्ञानिकांनी तिथल्या गाळाच्या खडकांच्या शैलसमूहांना दिली. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’च्या वेधनातून मुंबई हायचे तेल सापडले. त्यानंतरच्या विहिरींत कोणता थर कुठे आहे, हे बोलायला अशी सामायिक नावे लागतातच.

जमिनीवरचा खडक कोणीही जाऊन पाहू शकतो, समुद्राखालचा नाही. म्हणून अशा शैलसमूहाचे नाव रूढ करताना एक प्रमाण विहीर जाहीर करावी, थराच्या माथ्याची व तळाची खोली, ती कुठून मोजली, खडकाचे वर्णन आणि लॉग (विहिरीतल्या मोजमापांचे खोलीनुसार आलेख) द्यावेत, नमुने जपावेत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

तो का, हे विहिरीवरच कळते. वेधन करताना चिखलाबरोबर वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात वरच्या थरांचे ढासळलेले तुकडे मिसळतात. त्यामुळे नवा खडक प्रथम दिसला की थराचा माथा बऱ्यापैकी ठरतो. तळ मात्र ठरत नाही, कारण आधीचे तुकडे खाली गेल्यावरही येतच राहतात. मग गॅमा किरणांचा लॉग पाहायचा. पंकाश्मात आकडा चढतो, स्वच्छ चुनखडकात उतरतो. पण फेल्डस्पार भरपूर असलेला वालुकाश्मही पंकाश्माचा भास करून देतो. अखेर शंका फिटते ती गाभ्याचा, म्हणजे विहिरीतून अखंड कापून काढलेल्या खडकाचा, दंडगोल हातात घेऊन, भिंगाखाली धरल्यावरच.

२०१७ पासून देशात तेलशोधाच्या माहितीचे राष्ट्रीय भांडार आहे. ते स्वागतार्हच, पण आकड्यांइतकीच निगा दगडांचीही राखली पाहिजे. प्रत्येक शैलसमूहाची प्रमाण विहीर कोणती, तिचे गाभे व चुरा कुठे ठेवला आहे, याची यादी प्रसिद्ध व्हावी. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना ते नमुने पाहता यावेत. जिथे नमुना नष्ट झाला असेल, तिथे दुसरी विहीर प्रमाण म्हणून जाहीर करण्याची सोय नियमांत आहे, ती वापरावी. विहीर बंद झाली की गाभ्याचे व्यापारी मोल कदाचित संपत असेल, शास्त्रीय मोल संपत नाही. तो सांभाळायला कोरडी कोठी आणि चोख नोंदी पुरतात. गमावला तर पुन्हा मिळवायला भर समुद्रात नवी विहीर खोदावी लागते.