टाळ्यांपुरता वाचक

आमचे मामा हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची हेडमास्तरकी काही निवृत्त झाली नाही. २०२४ च्या ऑगस्टात मी ग्लासगोहून परतलो तेव्हा घरातली मंडळी फोटो पाहायला जमली. क्लाइड नदी पाहून झाली. तिच्या काठावरची, खवल्या मांजराच्या पाठीसारखी दिसणारी सभागृहाची इमारत पाहून झाली. मग एक फोटो आला. त्यात मी, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला एक पन्नाशीचा गृहस्थ. तोंडाला हिरवा रंग, कपाळावर दोन शिंगे.

"हा कोण?" मामांनी चष्मा पुसला.

"पोस्टात नोकरीला असतो, मामा. मोठा वाचक आहे."

"आणि एवढं विमानाचं भाडं भरून तू हे बघायला गेला होतास?"

घरभर हशा पिकला. मी त्या वेळी गप्प बसलो. पण मामांचा हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. जागतिक विज्ञानकथा संमेलन, ज्याला तिकडे 'वर्ल्डकॉन' म्हणतात, त्याचे नाव काढले की आपल्याकडचे भलेभले साहित्यिकसुद्धा असेच हसतात. पोरखेळ, म्हणे! हा पोरखेळ पाच दिवस डोळ्यांनी पाहून आल्यावर या हसणाऱ्यांना उत्तर देणे मला भागच आहे. फराळाच्या ताटावर बसून वाद घालू नये असे आई म्हणायची. तिची क्षमा मागून घालतो.

सोंगाचे आधी उरकून टाकू. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले संमेलन भरले तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा एक तरुण भविष्यकाळातला पोशाख घालून आला होता. तो शिवला होता मर्टल डग्लस या त्याच्या मैत्रिणीने. तेव्हापासून ही हौस चालत आली. ज्या मुलुखात बहुरूपी दारात येतो, भारुडात विंचू चावतो आणि लग्नात एरवी पायजम्यात वावरणारा माणूस फेटा बांधून घोड्यावर बसतो, त्या मुलुखाने हिरव्या तोंडाला हसावे हे काही मला पटत नाही. पण तो माझा मुद्दाच नव्हे. सोंगे पाच दिवसांत एका संध्याकाळी. बाकीचा वेळ हे लोक काय करतात, ते पाहा.

हे संमेलन जन्मले कुठून? मासिकाच्या पत्रव्यवहारातून! १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅकने अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांचे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पत्ताही. एवढ्या एका गोष्टीने सारे झाले. वाचक संपादकाला सोडून एकमेकांना पत्रे लिहू लागले, मग गावोगाव मंडळे निघाली, आणि मंडळांना एकमेकांची तोंडे पाहाविशी वाटली. इंग्लंडात लीड्सला ३ जानेवारी १९३७ रोजी अशीच मूठभर मंडळी जमली, तीही थिऑसॉफिकल हॉलमध्ये! आर्थर क्लार्क नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्यांत होता. लेखकांनी बोलावले म्हणून वाचक आले, असे इथे झाले नाही. वाचकांनी मांडव घातला आणि लेखक त्यात येऊन बसले. आपल्याकडे १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात संमेलन भरवले ते ग्रंथकारांचे. त्यांनी मोठेच काम केले, शंका नाही. पण मांडव कोणी घातला यावरून खुर्च्या कशा मांडायच्या ते ठरते, आणि खुर्च्यांचे हे वळण पुढे शे-दीडशे वर्षे मोडत नाही.

ग्लासगोला मी तिकीट काढले नाही, सभासद झालो. हा शब्दांचा खेळ नव्हे. व्यासपीठावर बसणारा लेखक सभासद, दाराशी उभा असलेला स्वयंसेवक सभासद, आणि मीही सभासद. स्वयंसेवक पगारी नसतातच. उलट तेही आधी आपली वर्गणी भरतात. पुढचे संमेलन कोणत्या शहरात भरवायचे हे सभासदांच्या मतांनी ठरते. १९५३ पासून जी ह्यूगो पारितोषिके देतात, तीही सभासदांच्याच मतांनी. संमेलनाच्या घटनेत फेरफार करायचा तर तो एका वर्षीच्या सभेत मंजूर व्हावा लागतो आणि पुढच्या वर्षी, दुसऱ्या गावी, पुन्हा मंजूर व्हावा लागतो. या सभेला मी तासभर बसलो. एका पोटकलमावर जी कडाक्याची चर्चा चालली होती ती ऐकून मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली. फरक एवढाच, की इथे सगळ्यांनी पोटकलम वाचलेले होते.

आता परिसंवादाविषयी. एकाच वेळी कितीतरी दालनांत परिसंवाद चालू असतात. लांब टेबलामागे चार-पाच माणसे, त्यांतला एक सूत्रधार. हार नाहीत, शाल नाही, नारळ नाही, दीपप्रज्वलन नाही. प्रास्ताविक दोन मिनिटांचे. आणि तासातला चांगला मोठा हिस्सा श्रोत्यांचा, असा अलिखित कायदा. मी ज्या एका परिसंवादाला गेलो तिथे मंगळावरच्या शेतीचा विषय निघाला. एक कादंबरीकार मोठ्या रंगात येऊन बटाटे पिकवू लागले. मागच्या रांगेतली एक बाई उठली. ती म्हणाली, "मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. मंगळाच्या मातीत परक्लोरेटचे क्षार आहेत, २००८ साली फीनिक्स यानाला ते सापडले. माती धुऊन घेतल्याशिवाय पिकवलेले बटाटे तुमच्या नायकाने खाऊ नयेत." सभागृह हसले. कादंबरीकारही हसले, खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, "धुवायला पाणी किती लागेल?" मग पुढची दहा मिनिटे ती बाई बोलत होती आणि व्यासपीठ ऐकत होते. मामा, मी विमानाचे भाडे भरले ते हे बघायला!

सगळेच परिसंवाद असे रंगतात असे नाही. काही कंटाळवाणे होते. 'मला प्रश्न विचारायचा नाही, थोडेसे बोलायचे आहे' असे म्हणून पाच मिनिटे खाणारा महापुरुष तिकडेही असतो. पण त्याला आवरायचे की ऐकायचे हे दालन ठरवते.

चित्रपटही दाखवतात. पहिल्याच संमेलनात फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' दाखवला होता, म्हणजे ही प्रथाही जुनीच. पण कसे दाखवतात ते महत्त्वाचे. सप्टेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँडच्या संमेलनात जीन रॉडनबेरी नावाचा एक निर्माता आपल्या नव्या दूरचित्रवाणी मालिकेचा नमुना घेऊन आला. मालिका सुरू व्हायला काही दिवसच उरले होते, आणि तिचे नाव होते 'स्टार ट्रेक'. ज्यांनी या विषयात हाडे झिजवली त्या वाचकांपुढे तो परीक्षेला बसला होता. याच्या उलट सॅन डिएगोचा 'कॉमिक-कॉन' पाहा. १९७० साली तोही हौशी चाहत्यांनीच काढला. आज तिथे लाखाच्या वर माणसे लोटतात. सहा हजारांवर खुर्च्यांच्या एका अवाढव्य दालनात स्टुडिओवाले आपल्या आगामी चित्रपटांचे तुकडे दाखवतात, आणि ते पाहायला लोक रात्र-रात्र रांगेत झोपतात. म्हणजे जाहिरात पाहायला पैसे भरायचे, वर रात्रीची झोप द्यायची, आणि टाळ्याही आपणच वाजवायच्या! असे गिऱ्हाईक लाभले तर आमचा कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा उद्या साबणाच्या वडीचा सत्कार ठेवील. मला जत्रेचा राग नाही. जत्रेला संमेलन म्हणू नये, एवढेच.

यावर मामांचे उत्तर तयार होते. वर्तमानपत्र ते बारकाईने वाचतात. "तुझ्या त्या सभासदांची भांडणं वाचली मी. तुझी लोकशाही म्हणजे नुसती वचावचा!"

खरे आहे, भांडतात. पहिल्याच दिवशी, २ जुलै १९३९ ला, राजकीय पत्रके वाटतील या भीतीने सहा तरुणांना चालकांनी दारातूनच परत पाठवले. त्यांतला फ्रेडरिक पोल पुढे थोर लेखक झाला आणि १९७२ साली लॉस एंजल्सच्या संमेलनात सन्माननीय पाहुणा म्हणून बसला. २०१५ साली एका कंपूने ठरवून दिलेल्या यादीबरहुकूम मते टाकून ह्यूगोची नामांकने काबीज केली. तेव्हा ५,९५० सभासदांनी मतदान केले आणि पाच विभागांत 'कोणालाच नको' असा कौल दिला. २०२३ च्या चेंगडू संमेलनाची गोष्ट याहून लाजिरवाणी. आर. एफ. क्वांग यांच्या 'बॅबेल' कादंबरीला नामांकनाइतकी मते पडली होती, तरी कारण न देता ती अपात्र ठरवली गेली. पुढे एका कार्यकर्तीनेच आतला पत्रव्यवहार उघड केला. लेखकांनी चीनविषयी काय लिहिले-बोलले याची टिपणे चालकांनी जमवली होती, आणि जमवणारे पाश्चात्त्य होते! ग्लासगोच्या चालकांनी ३७७ बनावट मते रद्द केली आणि तसे जाहीर करून टाकले. २०२५ च्या सिअ‍ॅटल संमेलनात तर परिसंवादात कोणाला बसवावे याची चौकशी करायला चॅटजीपीटी नावाच्या यंत्राची मदत घेतली. यंत्राच्या हाती न्याय दिला तर काय होते, या विषयावर ज्यांनी आयुष्यभर कथा वाचल्या त्यांच्याच संमेलनात! वाचक खवळले, काही कार्यकर्त्यांनी राजीनामे दिले, चालकांनी माफी मागितली आणि ती तपासणी माणसांकडून पुन्हा करून घेतली.

मामा म्हणतात ही वचावच. मी विचारतो, आपल्याकडे अशी वचावच वाचकाने कधी केली? आपल्या संमेलनांत भांडणे कमी होतात असे कोण म्हणेल? पण ती अध्यक्षपदाची, निधीची, मानापानाची. वाचक त्या वेळी जेवणाच्या रांगेत उभा असतो.

त्या संमेलनाचे दोष मलाही दिसतात. नाव 'जागतिक', पण १९५७ साली लंडनला जाईपर्यंत ते उत्तर अमेरिकेबाहेर पडले नव्हते. आशियात आजवर दोनदाच भरले, २००७ साली योकोहामाला आणि नंतर चेंगडूला. खर्च तर असा, की मी तीन वर्षे पैसे साठवले. पण आपल्याकडे या कथेला वाचक नाहीत, असे मात्र कोणी सांगू नये. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली आणि मग कळले, की जगताप म्हणजे जयंत नारळीकर! आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी नाव लपवले होते. पुढे २०२१ साली ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा किती घरांत जुने दिवाळी अंक माळ्यावरून खाली उतरले असतील! हे वाचक आहेत. त्यांचे पत्ते मात्र कोणी छापले नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका गावी मराठी विज्ञानकथेवर परिसंवाद होता, म्हणून मी मुद्दाम गेलो. गाव सांगत नाही. स्वागत, सत्कार आणि प्रास्ताविक यांत पाऊण तास गेला. पाच वक्ते बोलले. विज्ञानकथेने समाजात वैज्ञानिक दृष्टी रुजवावी, असे पाचही जण म्हणाले. एका कथेचे नाव कोणाच्या तोंडून आले नाही. मग सूत्रसंचालकांनी सांगितले, "वेळेअभावी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत." मी लिहून दिला. चिठ्ठ्या गोळा झाल्या, सूत्रसंचालकांच्या झब्ब्याच्या खिशात गेल्या, आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. ते बावीस मिनिटे चालले. मंडपवाल्याचे आभार मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले, आणि 'शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल' आमचेही मानले.

ती चिठ्ठी त्या झब्ब्याबरोबर कधीच धुऊन निघाली असेल. म्हणून इथे पुन्हा लिहितो. चिठ्ठीवर असे होते: "व्यासपीठावरच्या पाच मान्यवरांपैकी गेल्या वर्षभरात नवी मराठी विज्ञानकथा किती जणांनी वाचली, आणि कोणती?"