रविवार कुणाचा?

दिवाळी आटोपली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. भांडी, गोधड्या, ज्वारीचे पोते, कोंबड्या, लेकरे आणि कोयते असा सगळा संसार त्यात चढतो आणि सातपुडा उतरून गुजरातेतल्या बारडोली, मढी, चलथाणच्या उसाकडे निघतो. फडात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत कोयते मोजले जातात, माणसे नव्हेत. पुढचे काही महिने मुलूख परका, भाषा परकी आणि घर म्हणजे पडावावरचा ताडपत्रीचा आडोसा. नंदुरबारच्या या परमुलखी माणसांकडे यायला आज जरा लांबून, मेलबर्न आणि मुंबईच्या मैदानांवरून यायचे आहे. घरापासून दूर असलेला माणूस खेळतो केव्हा, हे त्या वाटेवर कळते.

आशियातल्या बऱ्याच मोठ्या शहरांत ऑस्ट्रेलियन लोकांचा एखादा हौशी फुटबॉल क्लब असतो. सिंगापूरचे वॉम्बॅट्स, जकार्ताचे बिन्टांग्ज, हाँगकाँगचे ड्रॅगन्स, व्हिएतनामचे स्वान्स. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू अंडाकृती, मैदान क्रिकेटएवढे, एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू लाथेने उडवायचा, उंच उडी मारून झेलायचा आणि सोबत्याला द्यायचा तर मुठीने ठोसून द्यायचा. एवढे मैदान आणि इतकी माणसे परक्या शहरात मिळणे कठीण, म्हणून लहान मैदानावर कमी गड्यांत भागवतात. खेळणारे नोकरदार असतात. बदली झाली की जुना गडी जातो, नवा येतो, क्लब मात्र टिकतो. नव्या शहरात उतरलेल्याला भाड्याच्या घराचा पत्ता आणि पहिला मित्र तिथेच मिळतो. चेंडू हे निमित्त. खरी भूक आपल्या बोलीत चार शब्द कानावर पडण्याची असते.

ही भूक किती खोल असते ते सिंगापूरच्याच चांगीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीने दाखवले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन सैनिक जपानचे कैदी झाले. त्यांच्यात विल्फ्रेड स्मॉलहॉर्न होता. मेलबर्नच्या लीगमधल्या उत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक त्याने १९३३ साली जिंकले होते. कैद्यांनी छावणीत लीग उभारली आणि संघांना घरच्या क्लबांची नावे दिली. जानेवारी १९४३ च्या शेवटच्या सामन्याला हजारो कैदी जमले आणि पीटर चिट्टी याला छावणीतले ‘ब्राउनलो’ मिळाले. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण तिचा उत्तरार्धही सांगायला हवा. पुढे चिट्टीसह अनेकांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. दिवस मावळेपर्यंत खडी फोडणाऱ्यांच्या त्या छावण्यांत कुणी लीग भरवली नाही. कैद दोन्हीकडे होती. चांगीत फावला वेळ होता, रेल्वेवर तो नव्हता.

हौशी खेळाचे मूळ या फावल्या वेळात आहे. मेलबर्नच्या फुटबॉलचे नियम मे १८५९ मध्ये लिहिले गेले. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात अंग मोकळे ठेवता यावे म्हणून टॉम विल्स याने आदल्या वर्षी वर्तमानपत्रात पत्र लिहून तशी सूचना केली होती. या खेळाचा इतिहास तिथून सुरू करतात. नियम लिहिले जाण्याच्या तीनच वर्षे आधी, एप्रिल १८५६ मध्ये, त्याच शहरातल्या गवंड्यांनी काम बंद ठेवून आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला होता. शनिवारची दुपार हळूहळू मोकळी होत गेली तसा हा खेळ साहेबांच्या पोरांपुरता उरला नाही, कामकऱ्यांच्या वस्त्यांचा झाला. नियम विल्स आणि मंडळींनी लिहिले, प्रेक्षक आणि खेळाडू मात्र त्या मोकळ्या दुपारने पुरवले.

आपल्याकडे खेळ आधी आला, सवड पुष्कळ नंतर. खानदेशात आलेला एक नामांकित हौशी परदेशी म्हणजे इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम. १८२५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने भिल्ल पलटण उभारायला घेतली. भिल्लांचा विश्वास कमावण्याचे त्याचे साधन शिकार हे होते. तो त्यांच्याबरोबर रानात हिंडला, वाघांना सामोरा गेला आणि त्याच सोबत्यांना त्याने शिपाई केले. त्याच्या धाडसाचे कौतुक इंग्रजी चरित्रांतून भरपूर झाले. मात्र माग काढणारा आणि हाके घालणारा भिल्ल हौस म्हणून रानात आला नव्हता. रान हे त्याचे घर होते. हौस एकाची आणि हाकारे दुसऱ्याचे, ही वाटणी इथल्या डोंगरांना तेव्हापासून ठाऊक आहे.

शहरात तीच वाटणी मैदानावर आली. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना उभा राहिला, फक्त युरोपियनांसाठी. सातासमुद्रापार आलेल्या इंग्रजाचे ते छोटे इंग्लंड होते; संध्याकाळी तिथे त्याला परके वाटत नसे. शेजारच्या मैदानावर साहेबांचे पोलोचे घोडे धावत आणि देशी पोरांच्या क्रिकेटची खेळपट्टी उखडत. १८८१ पासून शापुरजी सोराबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. मूठभर साहेबांच्या पोलोसाठी शेकडो पोरांनी मैदान का सोडावे, हा त्यांचा साधा सवाल होता. पुण्यात १८९२ च्या सुमाराला पालवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला तरुण युरोपियनांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी लाटत असे, जाळी बांधत असे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत असे. तासन्‌तास गोलंदाजी केली, पण तिथे त्याच्या हाती बॅट कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला त्याची गरज पडली तेव्हा मैदानात त्याचा चेंडू चालला, चहाच्या वेळी मात्र त्याचा पेला वेगळा राहिला. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. क्लबाने त्यांना नोकर म्हणून दारात घेतले होते, खेळाडू ते स्वतःच्या मनगटावर झाले.

मैदानाची लढाई अशी नोंदली गेली. सवडीची लढाई त्याच मुंबईत, त्याच वर्षांत चालू होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा बोलावली आणि बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. मागण्यांत आठवड्याची एक सुट्टी होती. मालकांचे म्हणणे असे की यंत्रे थांबवणे परवडत नाही. सहा वर्षे सभा, अर्ज आणि मोर्चे झाले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण रविवार पंचांगातून आल्यासारखा वापरतो. तो गिरणगावातून आला.

त्या रविवारने मुंबईचे रूप पालटले. कोकणातला, घाटावरचा चाकरमानी लालबाग-परळच्या चाळीत गावाच्या नावाने खोली घेऊन राहत होता. गावकऱ्यांचे मंडळ, भजन, नमन आणि मातीत कबड्डीचा डाव, हे सारे सुट्टीच्या दिवशी फुलले. गिरण्यांचे कबड्डी संघ गाजले. जकार्तातला ऑस्ट्रेलियन क्लबात जे शोधतो तेच मालवण-खेडचा माणूस या मंडळात शोधत होता. त्याच्याजवळ पैसा नव्हता, हिरवळ नव्हती, पण एक दिवस त्याचा स्वतःचा होता.

हा लांबचा फेरा घेऊन आता पुन्हा बारडोलीच्या फडावर येऊ. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात तिथल्या खानदेशी ऊसतोड मजुरांचे जिणे बारकाईने नोंदवले, त्यालाही आता अर्धशतक होत आले. हंगामाआधी घेतलेली उचल, हंगामात मिळणारी खावटी, टनावर मोजलेली मजुरी आणि शेवटी सगळे वळते करून हाती उरेल ते, हा हिशेब जुनाच आहे. पहाटे तोडणी, मग मोळ्या बांधणे, आणि गाडी आली की रात्रीही भरणी. यात आठवड्याचा कोणता वार चालू आहे, हे कळण्याचे कारण नसते. हेही परमुलखात राहणारे, हेही आपल्या बोलीला आसुसलेले. ढोल वाजवणारे हात आहेत, तिरकामठ्याचा नेम आहे, डोंगर चढणारे पाय आहेत. नाही तो एक मोकळा दिवस.

तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून कारखाना थांबवता येत नाही, असे उत्तर मिळेल. उत्तरात तथ्य आहे, पण सुट्टी देण्यासाठी कारखाना थांबवावा लागत नाही. कोणत्या फडात कोणती टोळी केव्हा जाईल, हे वेळापत्रक कारखाना आखतोच. त्यातच प्रत्येक टोळीचा आठवड्याचा दिवस पाळीपाळीने आखता येईल. टनावर मजुरी असल्याने सुट्टी म्हणजे उपास ठरू नये, तर त्या दिवसाचा मोबदला दरातच धरावा लागेल. परराज्यात नेलेल्या मजुराला प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता मिळावा, असे संसदेने १९७९ च्या कायद्यात लिहिले. महाराष्ट्राने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढले. नंदुरबारचा कोयता मात्र गुजरातच्या कारखान्याला जोडलेला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा हद्दीवरचा आहे, आणि हद्दीवरच्या माणसाचे काम दोन राज्यांनी एकत्र बसल्याखेरीज होत नाही. दोन्ही राज्यांचे कामगार खाते, कारखान्यांचे संचालक आणि मजुरांचे प्रतिनिधी यांनी पुढच्या हंगामाआधी एका टेबलावर यावे आणि आठवड्याच्या भरपगारी सुट्टीने सुरुवात करावी.

मागणी लहान वाटेल. १८८४ मध्येही ती लहानच वाटली होती. साखर, मजुरी, कर्ज हे प्रश्न मोठे आहेत, पण आपला एक दिवस हाती असलेला माणूसच सभेला बसू शकतो, हिशेब तपासू शकतो, पोराला शाळेत पोचवू शकतो. गिरणगावात संघटना वाढली ती रविवारच्या सभांतून.

होळी जवळ आली की फडावरची टोळी चुळबुळू लागते. ऊस उभा असो, मुकादम आडवा येवो, अक्कलकुव्याच्या काठी गावात राजवाडी होळी पेटायच्या आत घर गाठायचे असते. कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसे, आणि रात्रभर ढोल. वर्षातली ही सुट्टी या माणसांना कुणी दिलेली नाही. ती त्यांनी आपली आपण घेतली आहे आणि मोडू दिलेली नाही. उरलेल्या आठवड्यांचा हिशेब कारखान्याने द्यायचा आहे.