कोऱ्या वहीची तक्रार

"इंग्रजीच्या तासाला म्हणे दुकान-दुकान खेळले. वही कोरीच!" बोरिवली असो, मुलुंड असो, पालकसभेत ही तक्रार हमखास येते. बिचाऱ्या बाई दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर प्रश्नोत्तरं उतरवायला लागतात. वह्या भरतात, पालक खूश. आणि हेच पालक दहावीनंतर स्टेशनजवळच्या स्पोकन इंग्लिश क्लासला हजारो रुपये मोजतात. तिथे काय करून घेतात? दुकानदार आणि गिऱ्हाईक!

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. म्हणजे दहावीपर्यंत पोरगं दहा वर्षं इंग्रजी शिकतं. तरी समोरच्याने साधा प्रश्न विचारला की गप्प.

२०१९ आठवतंय? भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण बोर्डाने काढले. अभ्यासक्रमही नवा होता. दहावीचा निकाल ८९.४१ वरून थेट ७७.१० टक्क्यांवर. केवढा गदारोळ! अकरावीला सीबीएसईवाले पुढे जाणार, आमची मुलं मागे पडणार. पुढच्याच वर्षी गुण परत आले. पण त्या २० गुणांत मुलं खरंच बोलतात का, हे कितीजणांनी विचारलं?

आता हे बघा. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा सगळ्यांना जर्मनचं कोण कौतुक! त्या जर्मनची, म्हणजे आपल्या काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात होते ती, पहिल्या पायरीची तोंडी परीक्षा कशी असते? जास्तीत जास्त चारजण बसवतात. चिठ्ठी उचलायची, तिच्यावरच्या शब्दावरून शेजाऱ्याला प्रश्न करायचा, त्याने उत्तर द्यायचं. मग चित्राची चिठ्ठी, त्या वस्तूवरून काहीतरी मागायचं. शंभरातले २५ गुण याला. तिथे ही परीक्षा, आणि आपल्या शाळेत केलं की टाईमपास?

"साठ मुलांच्या वर्गात हे कसं जमणार?" साठ मुलं आहेत म्हणूनच करायचं! पस्तीस मिनिटांच्या तासात बाईंनी एकेकाला उठवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद. तीस जोड्या केल्या तर दहा मिनिटांत प्रत्येकजण पाच मिनिटं बोलतो. गोंगाट होईल. होऊ दे की.

माझं म्हणणं एवढंच: दहावीची तोंडी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी घ्यावी, जोडीने, ऐनवेळी चिठ्ठी उचलून. पाठ केलेली दहा वाक्यं चालणार नाहीत. आणि शिक्षकांना याला वेळ हवा असेल तर मतदारयाद्यांची कामं आधी त्यांच्या डोक्यावरून काढा.

तुमच्या मुलांची गेल्या वर्षीची इंग्रजी तोंडी किती मिनिटं चालली? विचारा आणि खाली लिहा. शाळेचं नाव नको, मिनिटं लिहा.